मधमाशीचा दंश आणि सौंदर्याची सुई

निफाड तालुक्याच्या शेतीत मधमाशी ही न बोलावता येणारी मजूर आहे. बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याच्या डोंगळ्यांवर ती फिरली नाही तर बी भरत नाही. पिकल्या द्राक्षांच्या गोडीला गांधीलमाशीही येते. साहजिकच दंशाचे येथे कोणाला अप्रूप नाही. बहुतेकांची सूज दोन-तीन दिवसांत ओसरते. काहींच्या मात्र सर्वांगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, भोवळ येते. अशा माणसाने नाशिकच्या एखाद्या सौंदर्योपचार केंद्राची पायरी चढताना ही हकीकत अवश्य सांगावी, असे म्हटले तर वाचकांना नवल वाटेल.

नवल वाटण्याचे कारण नाही. ओठ भरीव दिसावेत, गालांवरील घड्या बुजाव्यात म्हणून त्वचेखाली टोचले जाणारे ‘फिलर’ बहुधा हायल्युरॉनिक आम्लाचे असते. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी 1934 साली गाईच्या डोळ्यातून वेगळे केलेले हे आम्ल माणसाच्या त्वचेत आणि सांध्यांतही असतेच. भरणी बिघडली तर ती विरघळविण्यासाठी हायल्युरॉनिडेज नावाचे विकर टोचतात; आणि त्याच कुळातील विकर मधमाशी व गांधीलमाशी यांच्या विषातही असते. पेशींमधील चिकट द्रव्य फोडून विषाला वाट करून देणे हे त्याचे तेथील काम. औषधासाठी ते मेंढीच्या वा बैलाच्या वृषणांपासून काढतात. अलीकडे मानवी जनुकाच्या साहाय्यानेही तयार करतात. तरीही रचनेतील साम्यामुळे एकाचे वावडे असलेले शरीर दुसऱ्यालाही वैरी समजेल, ही शक्यता वैद्यकाने दृष्टीआड केलेली नाही. (मध खाण्याशी याचा संबंध नाही, हे जाता जाता सांगितलेले बरे.)

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतही डोळ्याभोवतीच्या भुलीच्या औषधात हे विकर मिसळण्याची पद्धत जुनी आहे. काही रुग्णांचा डोळा त्यानंतर काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी सुजल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा पूर्वी हे औषध मिळाले होते का, हाही प्रश्न विचारायला हवा. हप्त्यांची सोय आधी सांगणाऱ्या केंद्रांनी दंशाची चौकशीही तितक्याच अगत्याने करावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

केवळ ओठाचा आकार मनासारखा नाही, एवढीच तक्रार असेल तर घाई कसली? हाताच्या त्वचेत अल्प मात्रा टोचून अर्धा तास थांबता येते. अर्थात तेवढ्याने पूर्ण हमी मिळत नाही. पण फिलर रोहिणीत शिरून रक्तप्रवाह अडला, त्वचा पांढरी पडून वेदना सुरू झाल्या किंवा दृष्टी अंधारली, तर गोष्ट वेगळी. तेथे हेच विकर तारणहार ठरते आणि चाचणीत वेळ दवडणे घातक असते. वावड्याचे भय दाखवून त्या वेळी औषध नाकारणारा डॉक्टर सावध नव्हे, कर्तव्यच्युत म्हणावा लागेल. वावडे असलेल्या रुग्णालाही ते द्यावे लागते. फक्त अ‍ॅड्रिनॅलिन भरलेली सुई हाताशी हवी.

प्रतिक्रिया विरळा असते, पण आली तर काही मिनिटांत वाढू शकते. टोचलेल्या ओठाची सूज अपेक्षितच म्हणून खपून जाते. अंगभर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला, घशात आवळल्यासारखे वाटू लागले, म्हणजे पित्ताची गोळी देऊन वाट पाहण्याची वेळ निघून गेलेली असते. मांडीच्या बाहेरील स्नायूत अ‍ॅड्रिनॅलिन टोचायचे, रुग्णाला उभे राहू द्यायचे नाही आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावायची. ज्या खोलीत ही सुई नाही, तेथे फिलरची सुईही नसावी.