गॅसवरची खेळबंदूक आणि तापमानाचे गणित

लग्नघरात मोठ्या शेगड्या तास-दोन तास सलग पेटत राहिल्या की व्यावसायिक सिलिंडरला बाहेरून घाम फुटतो. कधी कधी खालच्या भागावर पांढरा बर्फाचा थर धरतो आणि ज्योत मंदावते. गॅस संपलेला नसतो. आतला द्रव थंड पडलेला असतो. द्रवाची वाफ होताना तो स्वतःतून आणि सिलिंडरच्या पत्र्यातून उष्णता ओढून घेतो. शाळेत शिकलेला अप्रकट उष्मा तो हाच. एअरसॉफ्ट या खेळातील गॅसवर चालणाऱ्या रायफलीच्या मॅगझीनमध्ये, म्हणजे वीतभर लांबीच्या डबीत, नेमके हेच घडते. फरक इतकाच, की तिथे तापमान बदलले की ज्योत नव्हे, तर छर्ऱ्याचा वेग बदलतो.

जपानमध्ये खऱ्या बंदुका बाळगण्यावर कडक निर्बंध आहेत. त्यामुळे १९७० आणि ८०च्या दशकांत तेथे ६ मिलिमीटरचे प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या, हुबेहूब दिसणाऱ्या खेळबंदुका रुजल्या. पुढे हा खेळ ब्रिटन, अमेरिका, तैवान असा पसरला. काही बंदुका स्प्रिंगवर, काही बॅटरीवर, तर काही गॅसवर चालतात. गॅसच्या रायफलीत प्रत्येक छर्ऱ्यागणिक आतला भाग मागे-पुढे सरकतो आणि खांद्याला हलका धक्का बसतो; शौकिनांना त्याचेच आकर्षण असते. छर्रे आणि गॅस दोन्ही मॅगझीनमध्येच असल्याने ते लवकर रिकामे होते. एकावर भागत नाही. ओरिजिनल महाग पडते म्हणून खेळाडू दुसऱ्या कंपनीने बनवलेले मॅगझीन घेतात. ते रायफलीत ‘बसले’ म्हणजे काम झाले, हा समज मात्र चुकीचा आहे.

बसले, पण जुळले का?

मॅगझीनच्या खालच्या भागात द्रवरूप गॅसची टाकी असते, वरच्या टोकाला व्हॉल्व्ह. घोडा दाबला की रायफलीतला एक भाग व्हॉल्व्हच्या दांडीवर आपटतो, क्षणभर झडप उघडते आणि वायूचा झोत रबरी तोंडातून रायफलीत शिरतो. हे रबर रायफलीच्या आतील मार्गाला घट्ट टेकले पाहिजे. मॅगझीन ज्या खाचेत अडकते ती अर्धा मिलिमीटर जरी वर-खाली झाली, तरी रबर आणि मार्ग यांत फट राहते आणि प्रत्येक वेळी थोडा वायू बाहेर निसटतो. मॅगझीन अति वर बसत असेल तर रबर चेंगरते, मॅगझीन काढताना घासते आणि काही दिवसांत फाटते.

म्हणून पहिली तपासणी गॅस आणि छर्रे न भरता होते. मॅगझीन एका सरळ दाबाने आत जाऊन ‘टक’ असा आवाज येतो का, हलवून पाहिल्यावर डुगडुगते का, कळ दाबल्यावर सहज निघते का, छर्रे धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या ओठांना चीर नाही ना, शेवटच्या छर्ऱ्यानंतर रायफल थांबवणारी पट्टी वर उचलली जाते का, एवढे पाहिले जाते. घासून बसवण्याची वेळ आली तर कानस फक्त बाहेरच्या कवचावर किंवा खाचेवर, तीही अगदी थोडी चालवावी. गॅसच्या टाकीला आणि व्हॉल्व्हच्या आट्यांना हात लावू नये; ते दाब पेलणारे भाग आहेत.

दुसरी तपासणी गळतीची. रिकाम्या मॅगझीनचे वजन ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करायचे, गॅस भरून पुन्हा करायचे आणि रात्रभर ठेवून सकाळी तिसऱ्यांदा करायचे. घटलेले वजन म्हणजे गळलेला गॅस. गळती कुठून, हे शोधायला घरच्या सिलिंडरच्या रेग्युलेटरला लावतो तसा साबणाचा फेस पुरतो. बुडबुडे बहुधा तळाच्या भरण्याच्या झडपेशी किंवा वरच्या व्हॉल्व्हच्या ओ-रिंगशी दिसतात. कोरडी पडलेली रिंग सिलिकॉन तेलाच्या थेंबाने सुधारते. चीर गेलेली रिंग बदलावीच लागते.

गॅस भरायचा तो मोकळ्या हवेत. बाजारात ‘ग्रीन गॅस’ म्हणून मिळणारा वायू मुख्यतः प्रोपेन असतो, त्यात थोडे सिलिकॉन तेल. प्रोपेन आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचाही घटक आहे. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि हवेत त्याचे प्रमाण साधारण २ ते ९.५ टक्के असेल तर ठिणगीने पेट घेतो. द्रव प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. बोटावर उडाला तर त्वचा भाजल्यासारखी गोठते. मॅगझीन काठोकाठ भरणेही धोक्याचे. तापमान २० वरून ४० अंशांवर गेले की द्रव प्रोपेन सुमारे ७ टक्के फुगतो. वर वाफेला जागाच नसेल तर तो ताण टाकीवर येतो. भरलेले मॅगझीन उन्हातल्या गाडीत ठेवू नये, हीटरवर तर मुळीच नाही.

सकाळी पास, दुपारी नापास

तिसरी तपासणी वेगाची आणि खरी मेख इथेच आहे. बंद टाकीत द्रव शिल्लक असेतो आतला दाब द्रव किती आहे यावर नाही, तर त्याच्या तापमानावर ठरतो. प्रोपेनचा दाब १० अंश सेल्सिअसला हवेच्या दाबाच्या सुमारे ६.३ पट, २० अंशांना ८.३ पट आणि ३० अंशांना १०.७ पट असतो. जपानमध्ये वापरला जाणारा एचएफसी-१३४ए हा वायू सौम्य आहे. २० अंशांना त्याचा दाब हवेच्या सुमारे ५.६ पट. म्हणजे या सौम्य वायूसाठी बनवलेल्या मॅगझीनमध्ये २० अंशांच्या दिवशी प्रोपेन भरणे हे त्यातला मूळ वायू ३३ अंशांपर्यंत तापवण्यासारखे आहे. मॅगझीन कोणत्या वायूसाठी बनवले आहे, हे घेतानाच पाहायला हवे ते यासाठी.

उलट, भराभर छर्रे मारत गेले की मॅगझीन गारठते. एक ग्रॅम प्रोपेनची वाफ व्हायला सुमारे ३४५ ज्यूल उष्णता लागते. ती ३०० ग्रॅम अॅल्युमिनियममधून घेतली तर धातू सव्वा अंशाने थंड होतो. दहा ग्रॅम गॅस गेला की बारा-तेरा अंशांनी. तितक्याच वजनाचे जस्त असेल तर घसरण दुपटीहून अधिक, कारण जस्तात उष्णता कमी साठते. कवच प्लास्टिकचे असेल तर हाताची ऊबही आत लवकर पोहोचत नाही. एकाच रायफलीत दोन कंपन्यांची मॅगझीन वेगळी का वागतात, याचे एक मोठे कारण हे आहे.

म्हणून वेग मोजण्याच्या यंत्रासमोर आधी दहा छर्रे थांबून थांबून मारावेत, मग दहा भराभर, आणि दोन्ही आकडे तापमानासह लिहून ठेवावेत. वजनी छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, वायू त्याला जास्त वेळ ढकलतो आणि ऊर्जा वाढते. त्यामुळे खेळात वापरायचा तोच छर्रा चाचणीत हवा.

हे आकडे कायद्यालाही लागू पडतात. जपानने २००६ मध्ये छेदाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागे ३.५ ज्यूल ही मर्यादा घातली. ६ मिलिमीटरच्या छर्ऱ्यासाठी ती ०.९८९ ज्यूल होते. ब्रिटनच्या २०१७च्या कायद्यानुसार सलग मारा करणाऱ्या एअरसॉफ्ट बंदुकीला १.३ ज्यूल, इतरांना २.५ ज्यूलची मुभा आहे. ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटला की त्याची ऊर्जा बरोबर १ ज्यूल भरते. वेग दहा टक्क्यांनी वाढला की ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे गार सकाळी मर्यादेत बसलेली रायफल उन्हं चढल्यावर मर्यादा ओलांडू शकते. चाचणी दिवसाच्या सर्वांत उष्ण वेळी, पूर्ण भरलेल्या आणि न गारठलेल्या मॅगझीनवर घेतली तरच ती उपयोगाची.

डोळ्याला दुसरी संधी नाही

एक ज्यूल ऐकायला किरकोळ वाटते. कातडीवर त्याचा लाल वळ उठतो, इतकेच. डोळ्यावर मात्र तेवढ्याने बुबुळापुढच्या जागेत रक्त साचू शकते, भिंग सरकू शकते, दृष्टिपटल फाटू शकते. मोतीबिंदू किंवा काचबिंदू नंतर काही वर्षांनीही उद्भवू शकतो. जत्रेत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या छर्ऱ्यांच्या बंदुकीलाही हे लागू आहे.

गॉगलवरचे अक्षरही वाचून घ्यावे. ईएन १६६ या युरोपीय मानकात ‘एफ’ खूण असलेली काच ०.८६ ग्रॅमच्या पोलादी गोळीचा सेकंदाला ४५ मीटर वेगाचा मारा पेलते. हिशेब केला तर ती ऊर्जा ०.८७ ज्यूल, म्हणजे जपानच्या मर्यादेहूनही कमी. ‘बी’ खुणेची चाचणी १२० मीटर वेगाने होते. ती ६ ज्यूलवर जाते. खेळासाठी चेहऱ्याला सर्व बाजूंनी चिकटणारा ‘बी’ खुणेचा गॉगलच हवा आणि नवे मॅगझीन तपासतानाही तो डोळ्यांवर हवा.

तरीही छर्रा लागलाच तर डोळा चोळू नये, दाबू नये, त्यावर पाण्याचा मारा करू नये. डोळ्याला न टेकणारे कडक झाकण, कागदी कपाचा तळही चालेल, वरून लावावे आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. दुखणे थांबले म्हणजे इजा नाही असे नसते. आतला रक्तस्राव तपासणीतच दिसतो.