लेन्स पुसण्याआधी थोडं थांबा

शुक्रवारी पहाटे मस्कतहून निघालात, अडीच-तीन तासांत बिदियाला पोचलात, टायरमधली हवा कमी केलीत आणि गाडी शरकियाच्या, म्हणजे जुन्या वहिबाच्या, वाळूत घातलीत. मुलं वाळूच्या टेकडीवरून घसरताहेत, तुम्ही फोटो काढताय. तेवढ्यात दिसतं की लेन्सवर धूळ बसली आहे. अशा वेळी हात आपोआप कुठे जातो? शर्टाच्या टोकाकडे, नाहीतर ओढणीकडे. माझाही तिथेच गेला होता. घरी येऊन दिव्याखाली पाहिलं, तर काचेवर बारीक रेषांची जाळी झाली होती. ती पुन्हा कधी गेली नाही.

असं का होतं, ते पाहू. पदार्थांचा कठीणपणा मोजायला मोहस् यांची १ ते १० अशी श्रेणी वापरतात. काच त्यात साडेपाच-सहाच्या आसपास येते आणि क्वार्ट्झ ७ वर. शरकियाच्या वाळूत शिंपल्यांचा मऊ चुना असतो, पण क्वार्ट्झचे कणही भरपूर असतात. तेव्हा वाळू बसलेल्या लेन्सवर कापड फिरवणं म्हणजे तिला पॉलिश पेपरने घासणंच झालं. कापड कितीही मऊ असलं तरी घासतो तो त्याखाली अडकलेला कण.

शिवाय आपण नुसती काच पुसत नसतो. साध्या काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. झूम लेन्समध्ये असे वीसेक पृष्ठभाग सहज असतात. काही उपाय केला नाही तर निम्म्याहून कमी प्रकाश आत पोचेल. म्हणून काचेवर मॅग्नेशियम फ्लोराइडसारख्या पदार्थाचा पातळ लेप देतात. ही पद्धत १९३५ साली झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधली. लेपाच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींना खोडतात. त्यासाठी एका थराची जाडी साधारण १०० नॅनोमीटर ठेवतात. आपला केस याच्या सुमारे सातशे पट जाड असतो! लेन्सवर जी जांभळी-हिरवी झाक दिसते, ती याच लेपांची.

आता दिलासा देणारी गोष्ट. पुढच्या काचेवरचे धुळीचे चार कण फोटोत बहुधा दिसतच नाहीत, कारण ते लेन्सच्या इतके जवळ असतात की त्यांची प्रतिमा पूर्ण विरून जाते. आकाशात तेच ते काळे ठिपके दिसत असतील तर धूळ बहुतेक सेन्सरवर आहे. उलट ओरखडे आणि बोटांचे तेलकट ठसे सूर्य समोर असताना प्रकाश विखुरतात आणि सगळा फोटो पांढुरका करतात. म्हणून धुळीपायी रोज लेन्स पुसू नका. डाग असेल तेव्हाच पुसा, आणि या क्रमाने:

१. लेन्सचं तोंड खाली धरा आणि रबरी ब्लोअरने धूळ उडवा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे कण उडतात.
२. उरलेले कण मऊ ब्रशने अलगद झटका. ब्रशच्या केसांना बोट लावू नका, बोटांचं तेल काचेवर जातं.
३. तरीही ठसा राहिला, तरच स्वच्छ मायक्रोफायबर कापडावर लेन्स क्लीनरचे एक-दोन थेंब घ्या. थेंब काचेवर थेट टाकू नका, कडेने आत झिरपतात. मग मध्यापासून कडेकडे गोल, हलक्या हाताने पुसा.

वाळवंटात तर फक्त पहिली पायरी करा. बाकीचं घरी आल्यावर. लेन्स बदलायचीच असेल तर गाडीत, काचा लावून बदला.

ओमानमध्ये दुसरा शत्रू आहे दमट हवा. जूनमध्ये मत्राच्या किनाऱ्यावर तापमान ३५ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. तुमचा कॅमेरा एसीच्या खोलीतून २२ अंशांवर बाहेर येतो. मग थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो तसं पाणी लेन्सवर, आणि कधी कधी आतही, जमतं. ते पुसत बसू नका, पुन्हा जमणारच. खोलीतच कॅमेरा प्लॅस्टिकच्या घट्ट पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच ठेवा. पाणी पिशवीवर जमेल आणि कॅमेरा कोरडा राहील.

खरीफ पाहायला सलालाहला जाऊन आल्यावर जास्त जपा. जून ते सप्टेंबर तिथे धुकं आणि भुरभुर असते, आणि बॅगेचा फोम ती ओल धरून ठेवतो. ओल, अंधार आणि बंद हवा मिळाली की लेन्सच्या आत बुरशी धरते. ती आम्ल सोडते आणि लेप, पुढे काचही, खाते. बुरशी साफ करता येते, पण खाल्लेला लेप परत येत नाही. परतल्यावर बॅग उघडी ठेवून वाळवा. लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्के राहते का, हे छोट्या मापकावर बघत जा. जेलचा रंग बदलला की ते ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं.

आणि हो, पुढच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा कपाटातला बाबांचा किंवा आजोबांचा जुना कॅमेरा बाहेर काढा. लेन्समधून उजेडाकडे बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर लगेच दुरुस्तीवाल्याकडे न्या. दिसले नाहीत, तरी चामड्याच्या कव्हरातून काढून ठेवा. कोकणातला एक पावसाळा त्या कव्हरात गेला, तर पुढच्या खेपेला ते धागे दिसू शकतात.