नुसते आडनाव लावून बाप होता येत नाही

विधवा किंवा घटस्फोटित भगिनीचा पुनर्विवाह आपल्या समाजात आता नवलाचा राहिलेला नाही. पहिल्या संसारातले लेकरू घेऊन ती येते, नवा नवरा त्याला शाळेत घालतो, स्वतःचे आडनाव लावतो आणि सगळ्यांना वाटते, मूल त्याचे झाले. कायद्याच्या लेखी ते झालेले नसते. हिंदू वारसा कायद्यातील वारसांच्या यादीत सावत्र बापाच्या मालमत्तेसाठी सावत्र मुलाला जागाच नाही. आई आधी वारली आणि बाप मृत्युपत्र न करता गेला, तर वीस वर्षे ज्याला बाबा म्हटले त्याच्या घरावर भाऊबंद हक्क सांगतील आणि मूल रस्त्यावर येईल.

यावर उपाय रीतसर दत्तकाचा. "आपण बौद्ध, हिंदूंचा दत्तक कायदा आपल्याला कशाला?" असे काही बांधव विचारतात. प्रश्न रास्त आहे, पण या कायद्याने बौद्ध, जैन व शीख यांना आपल्या कक्षेत घेतलेलेच आहे. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी 1951 साली मंत्रिपद सोडले. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून कायदे झाले, आणि त्यातला दत्तकाचा कायदा 21 डिसेंबर 1956 रोजी, महापरिनिर्वाणानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी आला. त्यात होमहवनाची सक्ती नाही. मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे एवढेच लागते. दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. नोंदणी असली की दत्तक कायदेशीर झाले असे न्यायालय गृहीत धरते, उलट सिद्ध करण्याचा भार दुसऱ्यावर पडतो.

खरी अडचण पहिला बाप हयात असेल तेव्हा येते. 2010 च्या दुरुस्तीपूर्वी बाप जिवंत असताना आईला मूल दत्तक देण्याचा अधिकारच जवळजवळ नव्हता. आता आहे, पण बापाची संमती हवी. पोटगी दिली नाही, तोंड दाखवले नाही, म्हणून ती टळत नाही. त्याने संन्यास घेतला, न्यायालयाने त्याला वेडा ठरवले किंवा तो 'हिंदू राहिला नाही', तरच ती लागत नाही. आणि धम्मदीक्षा घेतलेला बाप या कायद्यापुरता 'हिंदू'च धरला जातो, हे विसरू नका!

इतर अटीही कडक आहेत. मूल पंधरा वर्षांच्या आतले हवे. सावत्र बाप मुलगी घेत असेल तर दोघांत 21 वर्षांचे अंतर हवे. स्वतःचा मुलगा असताना मुलगा दत्तक घेता येत नाही. यात न बसणाऱ्यांसाठी 2015 च्या बाल न्याय कायद्याचा मार्ग आहे. तिथे मूल अठराच्या आतले चालते, आणि 1 सप्टेंबर 2022 पासून आदेश जिल्हाधिकारी देतात.

सही करण्यापूर्वी मुलाचे काय जाते तेही पाहा. जन्मदात्या बापाच्या मृत्यूने जो हिस्सा आधीच मुलाला मिळाला तो कायम राहतो. पण दत्तकानंतर त्या घरातला आजोबा वारला, तर नातवाचा वारसा संपलेला असतो. सासरचे "पोराला दत्तक देऊन टाक" म्हणून घाई करत असतील, तर त्या घाईमागचा सातबारा आधी काढून वाचावा.

जातीच्या दाखल्याचे प्रकरण आणखी नाजूक. दत्तक किंवा विवाहाने मागास जातीत आलेल्या उच्चवर्णीयाला आरक्षण नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली ठरवले. मिश्र विवाहातील मुलाची जात ते कोणत्या परिस्थितीत वाढले त्यावरून पाहावी, असे 2012 चा निकाल सांगतो. सावत्र बाप खुल्या प्रवर्गातला असेल, तर पडताळणी समिती प्रश्न विचारणारच. म्हणून जन्मदात्या बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आईचा जातीचा दाखला, जुनी नोंद, काहीही फेकू नका.

आडनावाबाबत मात्र आईचा अधिकार स्पष्ट आहे. विधवेने पुनर्विवाह केला, तर कागदोपत्री नव्या नवऱ्याला 'सावत्र बाप' लिहा, असा उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 जुलै 2022 रोजी रद्द केला. असे लिहायला लावणे क्रूरपणाचे आहे, मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार आईचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्या खटल्यातही नव्या नवऱ्याने 2019 साली नोंदणीकृत दत्तकपत्र करून ठेवलेले होते.