भीमथडी तट्टू : उंचीला नव्हे, कामाला भाव द्या

घोड्यांच्या बाजारात आजही उंची आणि रंग यांनाच भाव मिळतो. वरातीसाठी पांढरा नुकरा किंवा पंचकल्याणी मारवाडी शोधणारे गिऱ्हाईक दख्खनच्या बुटक्या तट्टूकडे ढुंकूनही पाहत नाही. परंतु घाटात ओझे न्यायचे काम निघाले की हा दिमाख कामास येत नाही. तेथे लागतो टणक खुरांचा, थोड्या चाऱ्यावर भागवणारा आणि शांत स्वभावाचा घोडा. असा घोडा आपल्याच मुलखात आहे. त्याचे नाव भीमथडी. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठी पैदास होणारा तो भीमथडी.

आपल्या शहराचा आणि दख्खनी तट्टूंचा संबंध जुना आहे. 1610 साली मलिक अंबरने खडकी वसवली. तेच पुढे औरंगाबाद आणि आताचे छत्रपती संभाजीनगर. मोगलांच्या अवजड फौजेशी मैदानात न भिडता तिची रसद तोडायची आणि डोंगरात निसटून जायचे, ही त्याची युद्धपद्धती. तिला हलके घोडदळच हवे होते. पुढे मराठा फौजांनीही याच घोड्यांवर मजल मारली. चौल, दाभोळ या बंदरांतून उतरणाऱ्या अरबी घोड्यांचे रक्त स्थानिक तट्टूंत मिसळून ही जात घडली, असे मानले जाते.

लढाया संपल्या तरी हा घोडा टिकला, तो धनगर बांधवांमुळे. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर (अहमदनगर) भागातील मेंढपाळ दिवाळीनंतर चराईसाठी बाहेर पडतात. त्यांतील कित्येक वाडे सह्याद्रीचे घाट उतरून कोकणात जातात. तंबू, भांडीकुंडी, नवी कोकरे, कोंबड्या आणि कधी लहान मूलही घोड्याच्या पाठीवर असते. लगाम बहुधा घरातील बाईच्या हाती. बुजणारे किंवा लाथाडणारे जनावर अशा बिऱ्हाडात ठेवता येत नाही. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शांत जनावरच राखले गेले.

2023-24 च्या सुमारास करनाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. मारवाडी, काठियावाडी, स्पिती, झंस्करी यांच्या पंगतीत हा घोडा बसला. मात्र नोंदणीने घोडा वाचत नाही. तो वाचतो गिऱ्हाइकाने. आता काही वाडे टेम्पोतून सामान हलवू लागले आहेत. चांगली घोडी एकदा संकरात गेली, की तिची अस्सल पैदास थांबली.

आमचे व्यापारी बांधव सारंगखेड्याच्या आणि माळेगावच्या यात्रेत खरेदीला जातात. डोंगरकामासाठी जनावर घेताना त्यांनी पुढील गोष्टी पाहाव्यात. आधी चारही खूर उचलून बघावेत; खूर फुटका असेल तर बाकीचे सगळे व्यर्थ. पाठ आखूड व भरीव असावी, तिच्यावर खोगिराच्या जखमा नसाव्यात. वय दातांवरून ठरवावे. सुमारे पाच वर्षांनी पुढचे कायमचे दात पूर्ण येतात. त्याआधी जड ओझे लादणे म्हणजे भांडवल जाळणे. नंतर जनावर गर्दीतून आणि वाहनांजवळून चालवून त्याचा स्वभाव पाहावा. भोवरे शुभ की अशुभ याचा काथ्याकूट त्यानंतर करावा. ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागितल्याशिवाय पैसे मोजू नयेत. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर मारावेच लागते.

ओझ्याबाबत 1965 चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार तट्टूवर 70 किलोपेक्षा जास्त भार लादता येत नाही. दिवसात 9 तासांपेक्षा जास्त किंवा विश्रांतीशिवाय सलग 5 तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. पारा 37 अंशांवर असेल तर दुपारी 12 ते 3 काम बंद ठेवावे लागते. हिशेब मांडताना हे धरूनच भाडे ठरवावे.

टांगे कमी झाले तशी नालबंद आणि खोगीर करणाऱ्यांची रोजी आटली. हे हुनर अजून ज्यांच्या हाती आहे, त्यांनी या घोड्याकडे लक्ष द्यावे. उंच घोड्याचे जीन लहान पाठीवर बसत नाही. ते सरकते आणि पाठ सोलते. बेताच्या मापाचे, दोन्ही बाजूंनी भार सारखा वाटणारे खोगीर आणि त्याला रुंद तंग, ही या जनावराची गरज आहे. नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी पाहावी लागते, म्हणजे नालबंदाला बांधलेले गिऱ्हाईक मिळते. तयार नाल ठोकून बसवण्यापेक्षा खुराच्या मापाने नाल वळवणारा कारागीर येथे जास्त टिकेल.

व्यापाऱ्याने मात्र एक पथ्य पाळावे. नोंदणी झाली म्हणून प्रत्येक बुटके तट्टू भीमथडी म्हणून खपवू नये. जनावर कोणत्या वाड्यातून आले, त्याची आई कोणती, हे विचारून लिहून ठेवावे आणि विकताना दोष असेल तर तोही सांगावा. नाव खोटे ठरले तर भाव पडेल, आणि तो भाव पडला तर धनगराला घोडी सांभाळणे परवडणार नाही.