दोरी, रंग आणि चौदा सेकंद
नियम आणि मैदान : लेखांक ९

तंजावरहून कुंभकोणमकडे किंवा पट्टुकोट्टईकडे जाताना शाळा-कॉलेजांच्या आवारात उघड्यावरची सिमेंटची बास्केटबॉल कोर्टं दिसतात. जुनं कोर्ट असेल तर जरा खाली वाकून बघावं. तीन गुणांची एक कमान फिकट झालेली असते आणि तिच्याबाहेर अर्ध्या मीटरवर दुसरी, ताज्या रंगाची. बास्केटखाली आयत असतो आणि त्याच्या आत-बाहेर पुसट तिरक्या रेघा. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय संघटनेने, 2010 साली कमान 6.25 मीटरवरून 6.75 वर नेली आणि बास्केटखालच्या समलंब चौकोनाचा आयत केला. एवढा मोठा बदल गावात पोचायला दोरी, खिळा आणि रंगाचा डबा पुरला.

अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉलमध्ये गेल्या दहा-बारा वर्षांत नियम भराभर बदलले. त्यावर तिकडे वाद चालतात ते चालोत. कावेरीच्या मुलखातून पाहिलं तर त्यातले बरेच ‘नवे’ नियम आपल्याला जुनेच आहेत. तिरुचिरापल्लीच्या भारतिदासन विद्यापीठाखालची कॉलेजं फिबाच्या नियमांनी खेळतात. दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर फिबाने 2000 साली आणले. अमेरिकन कॉलेजच्या मुलींना ते 2015-16 च्या हंगामात मिळाले, आणि तिथली मुलं अजूनही वीस मिनिटांचे दोन हाफ खेळतात! संघाचा पाचवा फाउल झाला की दोन फ्री थ्रो आणि नव्या क्वार्टरला फाउलची पाटी कोरी, हेही त्याच वर्षी तिकडे लागू झालं. मुलींची कमान 6.75 वर गेली ती 2021-22 मध्ये.

क्वार्टरचा बदल मला मनापासून पटतो. अमेरिकेत त्यामागे खेळ वाहता ठेवण्याचा विचार होता, पण इथे कारण साधं आहे: ऊन. दुपारी तीनला तापलेल्या सिमेंटवर सलग वीस मिनिटं धावणं आणि दहा मिनिटांनी दोन घोट पाणी पिऊन पुन्हा उतरणं यात फार फरक पडतो. शिवाय दमलेली बचावपटू हात मारते, फाउल होतो. फाउलची पाटी कोरी झाली की तिलाही पुन्हा नीट बचाव करायला वाव मिळतो.

कमानीच्या बाबतीतही माझं मत स्पष्ट आहे. मुलींना जवळची रेषा द्या, असं म्हणणाऱ्यांनी इतिहास थोडा चाळावा. 1890 च्या दशकात स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींसाठी कोर्टाचे तीन पट्टे पाडले आणि आपला पट्टा सोडायला बंदी केली, कारण इतकं धावणं त्यांना झेपणार नाही, असा तेव्हाचा समज होता. अमेरिकन कॉलेजांच्या मुली पाच-पाच जणींनी पूर्ण कोर्टावर खेळू लागल्या त्या 1971 मध्ये. पण तीस सेकंदांचं शॉट क्लॉक मात्र मुलींनी मुलांच्या कितीतरी आधी स्वीकारलं होतं. मुलांच्या कॉलेज बास्केटबॉलला घड्याळ लागलं 1985-86 मध्ये, तेही पंचेचाळीस सेकंदांचं.

खरी अडचण घड्याळातच आहे. फिबाच्या नियमाने चोवीस सेकंदांत बॉल टाकायचा. तो रिंगला लागून परत आपल्याच हाती आला तर पुन्हा चोवीस नाही, चौदाच. भिंतीवर लाल आकडे पळत असतील तर हा नियम सुंदर आहे. घड्याळच नसेल तर टेबलावर बसलेली मुलगी स्टॉपवॉच बघून ओरडते, प्रेक्षकांच्या आवाजात तिचं ओरडणं विरतं आणि पुढची पाच मिनिटं पंच, प्रशिक्षक आणि टेबल यांची हुज्जत चालते. बॉल रिंगला लागला होता की फक्त जाळीला, इथपासून सुरुवात! अमेरिकेत 2025-26 पासून मुलींच्या सामन्यात प्रशिक्षकाला पंचाच्या काही निर्णयांना व्हिडिओवर आव्हान देता येतं. पट्टुकोट्टईच्या उघड्या कोर्टावर व्हिडिओ कुठून आणणार? ज्या नियमाला यंत्र लागतं तो चेन्नईच्या इनडोअर कोर्टावरच्या मुलीला वेगळा खेळ शिकवतो आणि गावातलीला वेगळा. भारताची माजी कर्णधार, 2021 ची पद्मश्री अनिता पॉलदुराई चेन्नईची, ही बाब मला अगदीच योगायोगाची वाटत नाही.

त्याहून क्षुल्लक वाटणारी गोष्ट बॉलची. मुलींचा बॉल सहा नंबरचा, मुलांच्या सात नंबरपेक्षा परिघाला लहान आणि वजनाला हलका. फिबाने तो 2004 मध्ये आणला. सामान मोजकं असलेल्या ठिकाणी सरावाला सगळ्यांना सात नंबरच मिळतो. वर्षभर जड बॉलवर हात बसलेली मुलगी स्पर्धेत सहा नंबर हातात घेते आणि तिचे पहिले तीन-चार शॉट रिंगच्या पलीकडे जातात. त्यात तिचा काय दोष? क्रीडाशिक्षकांनी या वर्षीच्या मागणीपत्रात सहा नंबरचे चार बॉल आधी लिहावेत, स्कोअरबोर्ड नंतर.

पुढच्या आठवड्यात थ्री बाय थ्री. तिथे मुलामुलींना एकच बॉल : आकार सहाचा, वजन सातचं.