दट्ट्याला मोकळे सोडले तर?

रस्त्याकडेच्या पंक्चरच्या दुकानातला हवेचा कॉम्प्रेसर आपण सर्वांनी पाहिलेला असतो. विजेची मोटर पट्ट्याने एक जड चाक फिरवते, चाकाच्या आसावरील क्रँक जोडदांड्याला पुढेमागे ढकलते आणि सिलिंडरमधला दट्ट्या हवा दाबून टाकीत भरतो. वीज नसेल तेथे मोटरीऐवजी डिझेल इंजिन लावतात. पण इंजिनातही दट्ट्याच असतो. तो सरळ रेषेत धावतो, इंजिनाची क्रँक त्या गतीचे वर्तुळाकार गतीत रूपांतर करते आणि संपीडकाची, म्हणजे कॉम्प्रेसरची क्रँक ती पुन्हा सरळ रेषेत आणते. मग इंजिनाचा आणि संपीडकाचा दट्ट्या एकाच दांड्यावर बसवून मधली यंत्रणा गाळली तर?

अर्जेंटिनात जन्मलेले राउल पातेरास पेस्कारा यांनी हाच मार्ग धरला. हेलिकॉप्टरच्या आरंभीच्या प्रयोगांसाठीही त्यांचे नाव घेतले जाते. मुक्त दट्ट्याच्या यंत्राचे त्यांचे अमेरिकन पेटंट १९२८ सालचे आहे. जर्मनीत युंकर्स कंपनीने अशा तत्त्वावरचे संपीडक तयार केले आणि दुसऱ्या महायुद्धात ते जर्मन पाणबुड्यांवर बसवले गेले.

या यंत्राची रचना पाहू. मध्यभागी एक आडवा सिलिंडर असतो. त्यात समोरासमोर तोंड करून दोन दट्ट्ये असतात. हे झाले दोन-धावी डिझेल इंजिन. प्रत्येक दट्ट्याच्या बाहेरच्या बाजूस, त्याच दांड्यावर, संपीडकाचे दट्ट्ये असतात. मधल्या जागेत इंधन जळले की दोन्ही दट्ट्ये एकमेकांपासून दूर फेकले जातात आणि बाहेरच्या सिलिंडरांतील हवा दाबतात. दाबलेली बरीचशी हवा झडपेतून टाकीकडे जाते, पण सिलिंडरच्या टोकाशी थोडी हवा मुद्दाम शिल्लक राहू देतात. ही हवा स्प्रिंगसारखी प्रसरण पावून दट्ट्यांना परत आत ढकलते. आत येताना ते मधली हवा दाबून तापवतात, इंधन फवारले जाते आणि पुढची धाव सुरू होते.

हवेची स्प्रिंग वर्गात दाखवणे सोपे आहे. सुई नसलेल्या पिचकारीत अर्धी हवा घ्यावी, तोंड बोटाने बंद करावे, दट्ट्या दाबून सोडावा. तो उसळून मागे येतो. घर्षणामुळे तो पूर्ण मागे येत नाही, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

या रचनेचे दोन फायदे आहेत. जोडदांडा तिरका होतो तेव्हा तो दट्ट्याला सिलिंडरच्या भिंतीवर रेटतो. येथे जोडदांडाच नसल्याने हा आडवा रेटा आणि त्यामुळे होणारी झीज टळते. दुसरा फायदा संवेगाचा. सारख्या वस्तुमानाच्या दोन गाड्यांमध्ये दाबलेली स्प्रिंग ठेवून सोडली, तर त्या सारख्याच वेगाने विरुद्ध दिशांना जातात. एकूण संवेग शून्यच राहतो. तसेच येथे घडते, म्हणून यंत्राचा पाया हादरत नाही. मात्र घर्षण दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे नसते. एक दट्ट्या मागे पडू नये म्हणून दोघांना दंतपट्ट्या लावून मध्ये एक दंतचक्र बसवतात. या चक्रावर दोन बाजूंच्या बलांतील फरकाचाच भार येतो. त्यामुळे ते हलके असले तरी चालते.

पाणबुडीला पृष्ठभागावर यायचे असेल तर टाक्यांतील पाणी दाबाच्या हवेने बाहेर काढावे लागते. ती हवा संपली तर माणसे खालीच अडकण्याचा धोका. म्हणून बाटल्यांत सुमारे २०० वातावरण इतक्या दाबाने हवा साठवत. एवढा दाब एकाच धावेत का देत नाहीत? २७ अंश सेल्सिअसची हवा, उष्णता बाहेर जाऊ न देता, एकदम २०० पट दाबली तर गणिताने तिचे तापमान सुमारे १०९० अंश होते. वंगणाचे तेलच पेट घेईल. तेच काम चार टप्प्यांत केले तर प्रत्येक टप्प्यात दाब सुमारे ३.७६ पट वाढतो. दोन टप्प्यांमध्ये हवा पुन्हा थंड केली, तर तापमान कोठेही १६५ अंशांच्या फारसे वर जात नाही.

आता या मोकळेपणाची किंमत पाहू. क्रँक शक्ती वाहून नेते, तसेच दट्ट्याने कोठे थांबायचे तेही ठरवते. मुक्त दट्ट्या मात्र आपली गतिज ऊर्जा संपेल तेथे थांबतो. समजा टाकीतला दाब अचानक उतरला. बाहेर जाणाऱ्या दट्ट्याला विरोध कमी होतो, तो नेहमीपेक्षा पुढे जातो आणि झाकणावर आदळू शकतो. शिवाय टोकाशी उरलेल्या हवेत ऊर्जा कमी साठते. त्यामुळे परतीची धाव दुबळी होते. मधली हवा १६ पट आकुंचन पावली तर गणिताने तिचे तापमान सुमारे ६३५ अंश येते, पण १० पटच आकुंचन पावली तर ४८० अंशांच्या आसपास राहते. अशा हवेत इंधन वेळेवर पेटेलच असे नाही. साध्या इंजिनात एखादी धाव वाया गेली तरी जड प्रचक्र पुढची धाव निभावून नेते. येथे प्रचक्र नाही. एकदा ज्वलन चुकले की यंत्र थांबते. ते सुरू करतानाही चाक फिरवण्याची सोय नसते. साठवलेल्या हवेच्या एकाच जोरदार फटक्याने दट्ट्ये आत फेकावे लागतात. म्हणजे हवा भरण्याच्या यंत्रालाही आरंभी थोडी हवा हवीच!

म्हणून प्रत्येक धावेला इंधनाचे माप भाराप्रमाणे बदलणे, ही या यंत्राची खरी कसोटी ठरली. क्रँक जे काम न बोलता करत होती, ते दाबावर चालणाऱ्या नियंत्रकांकडून करून घ्यावे लागले. आज काही घरगुती फ्रिजमध्ये क्रँक नसलेला संपीडक असतो. तेथे दट्ट्याला विद्युतचुंबक हलवतो आणि तो किती पुढे जावा हे इलेक्ट्रॉनिक मंडल विद्युतप्रवाह कमीजास्त करून सांभाळते. यंत्रातून एखादा भाग काढून टाकण्यापूर्वी तो कोणकोणती कामे करतो याची यादी करावी, ही सवय विद्यार्थ्यांना लावण्यासाठी याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल. सायकलचे फ्रीव्हील किंवा शिलाई यंत्राचे चाक घेऊन अशी यादी वर्गात जरूर करून पाहावी.