जुनी पिकअप : खरा खर्च खरेदीनंतरचा

देवळी, प्रतिनिधी

नागपूर-तुळजापूर राष्ट्रीय महामार्गावरील देवळी हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. एकीकडे कापूस, सोयाबीन व तुरीची शेती, दुसरीकडे औद्योगिक वसाहत आणि वर्धा, पुलगाव, हिंगणघाट, यवतमाळ या बाजारपेठा फार दूर नाहीत. अशा गावात छोट्या मालवाहू गाडीला वर्षभर काहीना काही काम मिळतेच. शेतीला जोडधंदा म्हणून पिकअप घेण्याचा विचार अनेक घरांत होतो तो यामुळेच. नव्या गाडीची किंमत आणि मासिक हप्ता झेपत नसल्याने पहिली गाडी बहुधा जुनीच असते.

व्यवहार ठरविताना सारी घासाघीस किमतीवर होते. गाडी दारात आली, नारळ फुटला की उरलेला पैसा रंग, स्टिकर, मोठा हॉर्न आणि मागच्या जादा पाट्यांवर जातो. प्रत्यक्षात जुन्या गाडीचा पहिला पैसा कागदपत्रांवर, दुसरा ब्रेक व टायरवर आणि तिसरा हौद्याच्या बांधणीवर खर्च व्हायला हवा. हा क्रम चुकला तर धंद्याला आलेली गाडीच घरावर कर्ज चढविते आणि कधी कधी माणसांच्या जिवावरही बेतते.

कागद आधी

गाडीचे पैसे दिले म्हणजे मालकी मिळाली, असा समज सर्रास आढळतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळविणे आवश्यक असते. त्यासाठी नमुना २९ व ३० भरावे लागतात. वर्धा जिल्ह्यात हे काम वर्धा येथील परिवहन कार्यालयात होते; ‘एमएच ३२’ ही मालिका त्याच कार्यालयाची. गाडीवर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा असेल, तर ना-हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ शिवाय तो उतरत नाही. पूर्ण रक्कम देण्यापूर्वी ही दोन्ही कागदपत्रे हाती असलेली बरी.

नोंदणी जुन्या मालकाच्या नावे राहिली तर अडचण दोघांचीही होते. नोंदणी पुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि अपघातातील भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. विम्याचेही तसेच. गाडी विकली गेल्यावर तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण नव्या मालकाकडे कायद्यानेच जाते. मात्र स्वत:च्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण विमा कंपनीने नाव बदलून दिल्याशिवाय लागू होत नाही. त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा लागतो. हे काम राहून गेले आणि गाडी उलटली, तर दुरुस्तीचा सारा खर्च खिशातून करावा लागतो.

योग्यता प्रमाणपत्राची तारीख, थकीत कर आणि प्रलंबित ई-चलान या तीन गोष्टी व्यवहारापूर्वी तपासाव्यात. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत योग्यता तपासणी दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावी लागते. आठ वर्षांपेक्षा जुन्या व्यावसायिक वाहनाला राज्यात पर्यावरण करही लागू होतो. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसविली आहे की नाही, हेही पाहावे. चेसिस व इंजिनवर कोरलेला क्रमांक नोंदणी पुस्तकाशी जुळवून बघणे हे पाच मिनिटांचे काम. पण ते टाळणारे नंतर महिनोन्महिने खेटे घालतात.

परवान्याबाबतचा जुना गोंधळ आता मिटला आहे. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालविता येते, हा २०१७ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम केला. नेहमीच्या सर्व पिकअप या मर्यादेत बसतात.

मीटरवर विश्वास नको

गाडी किती किलोमीटर चालली हे मीटरवरून ठरवू नये. क्लच व ब्रेकच्या पायपट्टीचे घासलेले रबर, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग आणि चालकाच्या बाजूची बसलेली सीट अधिक खरे बोलतात. इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. विक्रेत्याने ते आधीच गरम करून ठेवले असेल, तर कारण विचारावे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते. सतत येणारा काळा धूर एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बोकडे बोट दाखवितो. चालू इंजिनचे ऑइलचे झाकण उघडल्यावर जोराने वाफ येत असेल, तर त्याला मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. अशा इंजिनचे काम लवकरच निघणार, हे गृहीत धरूनच किंमत ठरवावी.

आधीच्या मालकाने काय बदलले आणि काय नाही, याची नोंद क्वचितच मिळते. म्हणून गाडी ताब्यात आल्यावर इंजिन ऑइल, गिअर ऑइल, मागच्या डिफरन्शिअलचे ऑइल, ब्रेक ऑइल आणि कूलंट एकदम बदलून टाकावे. ऑइल, डिझेल व हवेचे फिल्टरही नवे घालावेत. ज्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो, तेथे तो बदलल्याचा पुरावा नसेल तर नवा टाकणेच स्वस्त पडते. चालत्या गाडीत बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर एका वहीत लिहून ठेवले, की तेथून पुढे गाडीचा खरा इतिहास सुरू होतो.

देवळी परिसरातील उन्हाळा गाडीची परीक्षाच घेतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रेडिएटरच्या जाळीत साचलेला कापसाचा तंतू व धूळ, चिरलेले पाइप आणि नुसत्या पाण्यावर चालविलेली कूलिंग यंत्रणा यामुळे इंजिन तापते आणि हेड गॅस्केट उडते. पांदण रस्त्यांच्या धुळीने एअर फिल्टरही लवकर तुंबतो. सेवापुस्तिकेतील अंतराची वाट न पाहता तो मधूनमधून उघडून पाहावा.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांचे तंत्र वेगळे आहे. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडविणारा फिल्टर असतो. ही काजळी जाळून टाकण्यासाठी गाडीला अधूनमधून सलग व वेगात धावावे लागते. शेत ते बाजार एवढ्याच छोट्या खेपा करणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि दिवा लागतो. त्यावर फिल्टर काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. मात्र तो बेकायदा आहे. अधूनमधून महामार्गावर लांबची खेप आणि कंपनीने सांगितलेल्या दर्जाचेच ऑइल, हा साधा उपाय आहे.

ब्रेक आणि टायर

रिकामी गाडी चालवून पाहिली की ब्रेक चांगलेच वाटतात. खरी कसोटी भरलेल्या गाडीची. म्हणून चारही चाके उतरवून लायनर, डिस्क, व्हील सिलिंडर आणि ब्रेकचे पाइप पाहून घ्यावेत. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. जुने झालेले ऑइल सततच्या ब्रेकने तापून उकळले, तर पायपट्टी खाली जाते आणि गाडी थांबत नाही.

टायर कधी तयार झाला, हे त्याच्या कडेवर चार अंकांत कोरलेले असते. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ मधील २३ वा आठवडा. नक्षी चांगली दिसत असूनही रबर कडक होऊन चिरलेले असेल, तर भर उन्हात भरलेल्या गाडीचा असा टायर फुटण्याचा धोका मोठा असतो. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. टायर एका बाजूने घासला असेल तर तो बदलून उपयोग नाही. आधी बॉल जॉइंट, बेअरिंग आणि अलाइनमेंट पाहावे लागते. हवा नेहमी टायर थंड असताना तपासावी.

पाटे वाढले, क्षमता नाही

जुनी पिकअप घेतली की मागच्या कमानीत एक-दोन पाटे वाढविण्याची पद्धत आहे. त्यामुळे गाडी बसत नाही आणि ‘जास्त माल पेलते’ असे वाटते. प्रत्यक्षात ॲक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चेसिस पूर्वीचेच राहतात. अनेक पिकअपमध्ये मागचा भाग किती दबला यावरून मागच्या चाकांच्या ब्रेकचा जोर ठरविणारा व्हॉल्व्ह असतो. जादा पाट्यांमुळे भरलेली गाडीही दबत नाही, व्हॉल्व्ह ती रिकामी असल्याचे समजतो आणि मागचे ब्रेक कमी लागतात. नेमका जास्त भार असताना गाडी कमी थांबते, ती अशी. तुटलेला किंवा सपाट झालेला पाटा मूळ मापाचा बदलून घेणे, यू-बोल्ट आवळणे आणि बुश नवे घालणे एवढेच पुरेसे असते.

किती माल नेता येतो, हे नोंदणी पुस्तकच सांगते. भारासह एकूण वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की क्षमता मिळते. उदाहरणार्थ, एकूण वजन २,९९० किलो आणि रिकामे वजन १,६९० किलो असेल, तर माल १,३०० किलो. गाडीवर दीडशे किलोची लोखंडी चौकट चढविली, की एकूण मर्यादा तीच राहून माल ११५० किलोवर येतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये दंडाची तरतूद असून, जादा माल उतरविल्याशिवाय गाडी पुढे जाऊ देता येत नाही. धंद्याचा हिशेब क्षमतेएवढ्या मालावर बसत नसेल, तर गाडी नव्हे, हिशेबच चुकला आहे.

कापसासाठी हौदा

कापूस वजनाला हलका, पण आकाराने मोठा. त्यामुळे हौद्याच्या वर आणि बाहेर माल निघतो. गाडीचा गुरुत्वमध्य वर गेल्याने ती वळणावर कलंडते, आरसे झाकले जातात आणि गावातील लोंबकळत्या वीजतारांना माल लागतो. हौद्याबाहेर किंवा परवानगीपेक्षा उंच निघालेल्या मालासाठीही कायद्यात २० हजार रुपये दंड आहे. बाजूच्या जाळ्या काढता-घालता येतील अशा, हलक्या आणि मापात असाव्यात. गाडीच्या मूळ रचनेत फरक पडत असेल तर कलम ५२ नुसार परिवहन कार्यालयाची मान्यता घ्यावी लागते. समोरच्या लोखंडी ‘बुल बार’वर कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत.

सजावटीपेक्षा ताडपत्रीवर केलेला खर्च लवकर वसूल होतो. हमीभाव खरेदीत कापसातील ओलावा ८ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर भाव कापला जातो आणि १२ टक्क्यांच्या वर माल नाकारला जातो. वाटेतील एका सरीने शेतकऱ्याचे नुकसान होते आणि गाडीवाल्याचे गिऱ्हाईक तुटते. ताडपत्री, दोर, हौद्याला पक्के वेल्ड केलेले हुक आणि नीट बसणारा मागचा फाळका, ही खरी साधने.

कापसाला ठिणगी पुरते. जुन्या गाडीत म्युझिक सिस्टीम व जादा दिव्यांसाठी केलेले उघडे जोड आधी काढून टाकावेत, प्रत्येक जादा तारेला फ्यूज असावा आणि केबिनमध्ये अग्निशामक नळकांडे हाताशी असावे. खताची पोती वाहिल्यावर हौदा धुऊन कोरडा करावा. सांडलेले खत पत्र्याला गंज चढविते.

परावर्तक पट्ट्या नियमाने लागतातच. पुढे पांढऱ्या, बाजूला पिवळ्या, मागे लाल. चिखलाने माखलेल्या किंवा ताडपत्रीखाली गेलेल्या पट्टीचा मात्र उपयोग नाही. अंधारात रस्त्याकडेला बंद पडलेली गाडी मागून येणाऱ्याला दिसणे यावरच अवलंबून असते.

माल की माणसे?

कापूस वेचणीच्या हंगामात मजूर, बहुतांश महिला, पिकअपच्या हौद्यातून शेतावर जातात. लग्नसराईत वऱ्हाडही असेच जाते. हौद्याला सीट नाही, पट्टा नाही आणि उभ्या माणसांचे वजन वळणावर एका बाजूला झुकते. अपघातानंतरचा भाग अधिक कठोर आहे. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाडे देऊन नेलेल्या प्रवाशांची भरपाई देण्याचे बंधन विमा कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालासोबत असेल तर गोष्ट वेगळी. काही प्रकरणांत न्यायालये कंपनीला आधी रक्कम देण्यास सांगतात; पण नंतर ती गाडीमालकाकडून वसूल होते. वीस मजुरांच्या एका खेपेचे भाडे आणि ही जबाबदारी यांची तुलनाच होऊ शकत नाही.

हंगामाप्रमाणे देखभाल

* रोज सकाळी : ऑइल, कूलंट, टायरची हवा, दिवे आणि गाडीखाली गळती.
* दर महिन्याला : ग्रीसिंग, यू-बोल्ट व चाकांचे नट, बॅटरीचे टर्मिनल, डिझेल फिल्टरमधील पाणी काढणे.
* पोळा ते दसरा : कापूस सुरू होण्यापूर्वी ब्रेक, क्लच, टायर व ताडपत्री.
* होळीनंतर : रेडिएटर, पंख्याचा पट्टा, कूलंटचे पाइप.
* मृगापूर्वी : वायपर, वायरिंग, हौद्याचा गंज, पाणी निघण्याची छिद्रे.
* तारखेवार : विमा, योग्यता प्रमाणपत्र, कर आणि पीयूसी. बीएस-४ व त्यापुढील गाड्यांना पीयूसी एक वर्षाचे, त्याआधीच्यांना सहा महिन्यांचे मिळते.